२८८ दिवसांची शाळा

प्राथमिक शाळेतल्या मुलाने एका वर्षात काय काय शिकावे हे आज छापील पाठ्यक्रम ठरवतो. जून महिना आला की आम्ही शिक्षक वार्षिक नियोजनाचे तक्ते भरतो. भाषा, गणित, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव. प्रत्येकाच्या तासिका ठरलेल्या. पण असाच एक तक्ता १९३७ साली आपल्याच वर्ध्याच्या भूमीत आखला गेला होता आणि तो आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. बी.एड.च्या पुस्तकात 'वर्धा योजना' दीड पानात संपते. गांधीजींचे नाव तेवढे लक्षात राहते. झाकीरसाहेब मात्र आपल्याला राष्ट्रपती म्हणून आणि उर्दू शाळेतल्या मुलांना 'अब्बू खाँ की बकरी'चे लेखक म्हणून ठाऊक असतात.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, हस्तोद्योग हे केंद्र आणि हळूहळू शिक्षकाचा पगार निघेल एवढे उत्पन्न, असे चार ठराव झाले. त्यावरून अभ्यासक्रम बनवण्याचे काम झाकीर हुसेन समितीकडे आले. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, आर्यनायकम् ही मंडळी त्यात होती. अलिगढचे ख्वाजा गुलामुस्सय्यदैनही होते. २ डिसेंबरला, म्हणजे दीड महिन्याच्या आत, अहवाल तयार झाला.

त्या अहवालातले वेळापत्रक शिक्षकाने तरी एकदा नीट पाहावे. शाळा रोज साडेपाच तास. त्यात हस्तोद्योग ३ तास २० मिनिटे, संगीत-चित्रकला-गणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषा ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ३० मिनिटे, कवायत १० मिनिटे आणि सुट्टी १० मिनिटे. महिन्याला सरासरी २४ दिवस, वर्षाला २८८ दिवस. हिशेब करून पाहिला तर उद्योगाचे वर्षाला ९६० तास होतात आणि मातृभाषेचे १९२. आज २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन व्हायला हवे. म्हणजे आजच्या किमान वर्षापेक्षा त्या वर्षातली एकटी टकळीच जास्त वेळ खाते! (दहा मिनिटांच्या सुट्टीत मुले पाणी प्यायला तरी कशी पुरी पडत असतील, हा प्रश्न कोणाही वर्गशिक्षकाला पडेल.)

पण टकळी म्हणजे केवळ सूत नव्हे, हाच तर योजनेचा गाभा होता. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या गुंड्या बसतात तितक्या नंबरचे ते सूत. वीस नंबरचे सूत पौंडाला किती वार भरेल? १६,८००. इथे गुणाकार आला, भागाकार आला, सरासरी आली. कापूस काळ्या जमिनीत का येतो म्हटले की भूगोल आला. ढाक्याची मलमल कुठे गेली म्हटले की इतिहास आला. पहिल्या वर्षाला आदिमानवाच्या, प्राचीन इजिप्तच्या, मोहेंजोदडोच्या गोष्टी होत्या. इंग्रजी नव्हते. हिंदुस्थानी मात्र नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांतून होती. एका वर्गात दोन लिप्या एकमेकींकडे पाठ न फिरवता बसतील, ही कल्पना सरकारी कागदावर पुन्हा इतक्या सहजपणे उमटली नाही.

मुस्लीम समाजात या योजनेला मोठा विरोध झाला. धार्मिक शिक्षणाला त्यात जागा नव्हती, ही मुख्य तक्रार होती. त्यातच मध्य प्रांत व वऱ्हाडात रविशंकर शुक्लांची 'विद्यामंदिर' योजना आली आणि 'मंदिर' या शब्दाने रान पेटले. १९३८ च्या पीरपूर अहवालात या तक्रारी नोंदल्या गेल्या. दोन्ही योजना वेगळ्या होत्या, पण लोकांच्या तोंडी एक झाल्या. धार्मिक शिक्षणाचा आक्षेप मला समजतो. बाप मुलाला शाळेत घालतो तेव्हा तो आपल्या घरातले काही तिथे शोधतोच. नावावरून झालेल्या भांडणात मात्र अभ्यासक्रम कोणी वाचलाच नाही, असे वाटते. आणि ज्यांच्यावर समाजाचा रोष ओढवला ते झाकीर हुसेन कोण होते? बर्लिनची डॉक्टरेट घेऊन १९२६ साली जामियासारख्या कफल्लक संस्थेत परतलेला माणूस.

माझा आक्षेप वेगळा आहे. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग चालतो, त्या मालेगाव-भिवंडीच्या मोमिनाच्या मुलाला शाळेत पुन्हा सूतच का द्यावे? ब्राह्मण-बनियाच्या मुलाला टकळी म्हणजे नवा अनुभव. विणकराच्या मुलाला ती घरचीच हजेरी. त्याचा बाप त्याला मागावरून उठवून शाळेत पाठवतो ते वही-पेन्सिलीसाठी. या योजनेत सुताराचे काम, शेती, बागकाम, चामड्याचे काम असे पर्याय होते हे खरे. पण कोणत्या मुलाला कोणता उद्योग मिळाला असता हे सांगायला फार कल्पना लागत नाही. समितीला मुलांच्या श्रमाच्या शोषणाचा धोका दिसला होता. उत्पन्नाच्या मागे लागून शिक्षक मुलांना राबवतील आणि शिक्षण बाजूला पडेल, असा इशारा अहवालातच आहे. जातीचा धोका त्यांना तेवढा दिसला नसावा.

१९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली, सेवाग्रामला हिंदुस्थानी तालीमी संघ उभा राहिला, झाकीर हुसेन त्याचे अध्यक्ष झाले. स्वातंत्र्यानंतर शाळांच्या पाट्यांवर 'बुनियादी' शब्द चढला, आत जुनाच वर्ग चालू राहिला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा शब्द आणला आणि ३ तास २० मिनिटांची आठवड्यातल्या एक-दोन तासिकांत बोळवण झाली. परीक्षा जवळ आली की त्या तासिकाही गणिताला जातात.

सेवाग्रामला २००५ पासून 'आनंद निकेतन' ही शाळा नई तालीमच्या वाटेने पुन्हा सुरू झाली आहे. तिथे मुले शेतात काम करतात, सूत कातातात, स्वयंपाक करतात आणि त्यातूनच गणित, विज्ञान शिकतात. माध्यम मराठी आहे.