शहरात भाड्याचं घर: दुसऱ्या वर्षीची वाढ पहिल्याच दिवशी ठरवा

हिंगोली, बसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव भागातली बरीच मुलं-मुली शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्याला जातात. काहींच्या मागोमाग आई-वडीलही जातात. घर बघताना पहिल्या महिन्याचं भाडं सगळेच विचारतात. दुसऱ्या वर्षी ते किती वाढणार, हे थोडेच विचारतात. नाव ऐकून घर नाकारल्याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. त्यामुळे मिळालं ते घर पक्कं करायची घाई होते आणि करार न वाचताच सही केली जाते.

कायदा काय सांगतो?
महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ११ नुसार भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. पण शहरात आता बहुतेक घरं ‘लिव्ह अँड लायसन्स’वर मिळतात. तिथे ४ टक्क्यांच्या भरवशावर राहू नका, करारात लिहिलेला आकडाच चालतो. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर कलम २४ नुसार दुप्पट रक्कम मोजावी लागू शकते.

हिशोब करून बघा
भाडं १२,००० रुपये धरा. वर्षाला ५ टक्के वाढ असेल तर तीन वर्षांत ४,५३,९६० रुपये जातात. १० टक्के असेल तर ४,७६,६४०. फरक २२,६८० रुपयांचा. करार ११ महिन्यांचा असेल तर दरवेळी नव्याने घासाघीस, वर एजंटचे पैसे. म्हणून जमेल तर ३६ महिन्यांचा करार मागा आणि वाढीचा टक्का त्यातच लिहून घ्या.

स्टेशन किती लांब?
घर स्वस्त, पण रिक्षाला रोज ६० रुपये जादा लागत असतील, तर २५ दिवसांचे १,५०० झाले. ते भाड्यात मिळवून मगच तुलना करा. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट ही मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण सुरू झाली. वनाज ते रामवाडी ही दुसरी. दापोडी, कासारवाडी भागात मेट्रो आणि पुणे-लोणावळा लोकल दोन्ही आहेत. कोंढव्यात आपली माणसं, मशिदी, ओळखी आहेत, पण स्वारगेटची मेट्रो धरायला आधी बस किंवा रिक्षा लागते. कॉलेज किंवा ऑफिस कुठे आहे, ते बघून ठरवा. सकाळच्या गर्दीच्या वेळी एकदा तो रस्ता स्वतः जाऊन बघा.

सही करण्याआधी
- वाढीचा टक्का आणि तारीख लिहिली आहे का?
- मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा?
- डिपॉझिट कधी परत मिळणार, काय कापणार?
- घर सोडायची नोटीस किती दिवसांची?
- करार नोंदणीकृत आहे का? कलम ५५ नुसार ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी ऑनलाइनही होते.

तोंडी बोलणं दुसऱ्या वर्षी कुणाच्या लक्षात राहत नाही. “दरवर्षी थोडंसंच वाढवू” असं कुणी म्हणालं, तर नम्रपणे विचारा, “थोडंसं म्हणजे किती टक्के?” आणि तो आकडा करारात आल्यावरच सही करा. कराराची एक प्रत गावी घरच्यांकडेही ठेवा.