जठरातली गाठ आणि दुर्बीण : एका दीर्घ शोधाची कथा

१/ परभणीत पोटाचे दुखणे लांबले की घरात दोन शब्द निघतात : ‘दुर्बीण’ आणि ‘हैदराबाद’. दोहोंमागे इतिहास आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. राजधानी बदलली, तरी उपचारासाठी सिकंदराबादची गाडी धरण्याची वाट मोडली नाही. दुर्बिणीची कथा मात्र युरोपात सुरू होते.

२/ २९ जानेवारी १८८१, व्हिएन्ना. थिओडोर बिलरोट यांनी ४३ वर्षांच्या एका स्त्रीच्या जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढला. याआधी दोन शल्यविशारदांचे असे रुग्ण दगावले होते. ही स्त्री वाचली. पण सुमारे चार महिन्यांनी त्याच रोगाने तिचा अंत झाला. हात कुशल होता, गाठ मात्र उशिरा सापडली होती.

३/ ती लवकर सापडायची, तर जठरात डोकावणे आवश्यक होते. १८६८ मध्येच जर्मनीत आडोल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळणाऱ्या एका कसरतपटूच्या घशातून धातूची सरळ नळी जठरात उतरवली होती. नळी पोहोचली, पण पुरेसा प्रकाश पोहोचला नाही.

४/ ही अडचण काचतंतूंनी दूर केली. १९५४ मध्ये लंडनचे हॅरोल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी लवचीक तंतूंच्या जुडीतून प्रतिमा पाठवल्याचे प्रसिद्ध केले. १९५७ मध्ये अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी अशी दुर्बीण प्रथम स्वतः गिळली.

५/ जपानमध्ये हा कर्करोग फार. तेथील तज्ज्ञांनी १९६२ मध्ये ‘प्रारंभिक’ कर्करोगाची व्याख्या केली : जठराचे अस्तर वा त्याखालचा थर, यापलीकडे न गेलेला रोग. केवळ अस्तरातच असलेला रोग रसग्रंथींत क्वचितच पसरतो. मग पोट उघडायचे कशाला?

६/ १९८० च्या दशकात पद्धत रुळली. अस्तराखाली सलाइन टोचून गाठ वर उचलायची, तारेच्या फासात धरायची, विजेने कापायची. परंतु मोठी गाठ तुकड्यातुकड्यांनी निघे. रोग समूळ गेला की नाही, हे सांगणे अवघड होई.

७/ १९९० च्या दशकात टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील डॉक्टरांनी विजेच्या सुरीच्या टोकाला चिनी मातीचा लहानसा गोळा बसवला. त्यामुळे जठराला भोक पडण्याचा धोका घटला आणि गाठ भोवतालून सोडवून अखंड काढता येऊ लागली. रोग खोल गेलेला असेल, तर मात्र आजही शस्त्रक्रियाच करावी लागते.

८/ ही विद्या आज हैदराबादेत आहे. डॉ. नागेश्वर रेड्डी यांनी स्थापन केलेल्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीमध्ये असे उपचार होतात.

९/ मात्र प्रारंभिक गाठ सहसा दुखत नाही. जपानने १९६० च्या दशकापासून निरोगी दिसणाऱ्यांचीही सामूहिक तपासणी केली. आपल्या सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, जठर नाही. म्हणून वजन घटणे, काळी शौच, घास अडकणे ही लक्षणे दिसताच महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्यांवर काढू नयेत. परभणीहून हैदराबाद एका रात्रीचा प्रवास आहे. उशीर होतो तो गाडीत बसण्याआधीच.