छोट्या गॅरेजसाठी कॉम्प्रेसर निवडताना

नव्याने गॅरेज थाटणारा मेकॅनिक प्रथम इम्पॅक्ट रेंच, म्हणजेच बोलीभाषेतील 'गन' विकत घेतो आणि उरलेल्या पैशांत बसेल तो कॉम्प्रेसर. हा क्रम बहुधा महागात पडतो. पहिले दोन-तीन नट झपाट्याने सुटतात. चौथ्यावर गनचा ठोका मंदावतो, नट जागचा हलत नाही आणि शेवटी लांब दांड्याचा पाना हाती घ्यावा लागतो. दोष गनला दिला जातो, प्रसंगी ती बदलूनही आणली जाते. वस्तुतः गनमध्ये बिघाड नसतो. तिला पुरेशी हवा मिळत नसते.

गनच्या आत हवेवर फिरणारा एक लहान रोटर असतो आणि त्याच्यापुढे हातोडी. ही हातोडी ऐरणीवर वेगाने आदळत राहते आणि त्या धक्क्यांनी गंजलेला नटही सैल होतो. बहुतेक गनसाठी ६.२ बार, म्हणजे ९० पीएसआय दाब सांगितलेला असतो. एवढा दाब बाजारातील जवळजवळ प्रत्येक कॉम्प्रेसर देतो. त्या दाबाची हवा मिनिटाला किती मिळते, यावर सारे अवलंबून असते. हे मोजमाप सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट, असे देतात. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर.

येथेच पहिली फसगत होते. मोटारीच्या चाकांसाठी वापरल्या जाणाऱ्या अर्धा इंची गनच्या माहितीपत्रकात हवेची गरज ४ ते ५ सीएफएम छापलेली असते. हा आकडा सरासरीचा असून ट्रिगर मिनिटातील सुमारे १५ सेकंदच दाबलेला राहील, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्ष दाबलेला असताना तीच गन २० सीएफएमच्या आसपास हवा खाते. दुसरी फसगत कॉम्प्रेसरच्या बाजूने होते. त्याच्या पत्रकातील 'पिस्टन डिस्प्लेसमेंट' हा सिलिंडरच्या आकारमानावरून काढलेला कागदी आकडा असतो. बाहेर पडणारी हवा, म्हणजे 'फ्री एअर डिलिव्हरी', त्याहून बरीच कमी, अनेकदा दोनतृतीयांशच भरते. विक्रेत्याने केवळ अश्वशक्ती आणि टाकीचे लिटर सांगितले, तर हा आकडा आवर्जून विचारावा. पिस्टनच्या यंत्रात एका अश्वशक्तीमागे तीन-साडेतीन सीएफएम मिळाले तर ते समाधानकारक समजावे.

कॉम्प्रेसर आणि गन यांच्या मागणी-पुरवठ्यातील तफावत टाकी भरून काढते. टाकीतील किती हवा कामाची आहे, हे साध्या गुणाकाराने कळते. ४५ लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरली आणि साडेसहा बारपर्यंत वापरली, तर दीड गुणिले ४५, म्हणजे जेमतेम ६७ लिटर हवा मिळते. अर्धा इंची गन ती सात सेकंदांत संपवते. दोन-तीन नटांनंतर गन का दमते, याचे उत्तर या हिशेबात आहे. याउलट १६० लिटरची टाकी १० बारपर्यंत भरली, तर त्याच मर्यादेपर्यंत ५६० लिटर हवा मिळते. सुमारे मिनिटभर सलग ट्रिगर दाबता येतो. एका मोटारीच्या चार चाकांचे सोळा ते वीस नट तेवढ्यात सुटतात. चाके उतरवून पुन्हा चढवेपर्यंत ९-१० सीएफएमचा कॉम्प्रेसर दोनएक मिनिटांत ही तूट भरून काढतो.

म्हणून एक गन आणि चाकांत हवा भरणे एवढेच काम असलेल्या गॅरेजला तीन अश्वशक्तीचा, दोन टप्प्यांत हवा दाबणारा आणि १६० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर पुरतो. दोन टप्प्यांच्या यंत्रात हवा मध्ये थंड होते. त्यामुळे १० बारच्या वर जाताना ते एका टप्प्याच्या यंत्राइतके तापत नाही. रंगकामही करायचे असेल, तर हिशेब बदलतो. स्प्रे गनला थांबून थांबून नव्हे, सलग हवा लागते. तेथे पाच अश्वशक्ती आणि २५० लिटरच्या खाली जाऊ नये. ट्रकच्या चाकांसाठीची एक इंची गन चालू असताना ४० सीएफएमहूनही अधिक हवा घेते, तो प्रकारच वेगळा. दिवसाला दोन-चार मोटारीच येत असतील, तर बॅटरीवरील गन घेऊन कॉम्प्रेसरचा मोठा खर्च पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरते.

योग्य कॉम्प्रेसर घेऊनही नळी चुकली, तर सारे मुसळ केरात. पंक्चरच्या दुकानात दिसणारी बारीक, वेटोळ्यांची नळी हवा भरण्यापुरती ठीक. अर्धा इंची गनला आतून किमान १० मिलिमीटर व्यासाची आणि शक्य तितकी आखूड नळी हवी. कपलिंगही तेवढ्याच मोकळ्या मार्गाचे घ्यावे. टाकीवरचा काटा ८ बार दाखवत असताना गनपाशी त्याहून बराच कमी दाब पोहोचत असतो. गनच्या अलीकडे लहान दाबमापक बसवून, ट्रिगर दाबलेला असताना तो पाहावा. त्रुटी झाकण्यासाठी दाब वाढवत नेणे मात्र घातक. मोटारीच्या चाकाच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर एवढाच पीळ अपेक्षित असतो आणि गन त्याच्या कितीतरी पट देऊ शकते. असा आवळलेला नट रात्री महामार्गावर गाडीतल्या पान्याने सुटत नाही, किंवा स्टडच तुटतो. शेवटचा पीळ टॉर्क रेंचनेच द्यावा.

विजेची जोडणीही आधी तपासावी. तीन अश्वशक्तीची मोटर सिंगल फेजवर मिळते, पण सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. गल्लीच्या टोकाच्या गाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरले की ती नुसती गुणगुणत राहते आणि जळते. शक्य असेल तेथे थ्री फेजच घ्यावे.

मुंबई-कोकणातील पावसाळी हवेत पाणी इतके असते, की १० सीएफएमचा कॉम्प्रेसर तासभर चालला तर पाव लिटरहून अधिक पाणी टाकीत आणि नळीत साचू शकते. ते गनच्या आतील तेल धुऊन काढते आणि टाकी तळातून गंजवते. तळाचा कॉक रोज संध्याकाळी उघडावा, गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर बसवावा आणि गनमध्ये रोज दोन-चार थेंब एअर टूलचे तेल सोडावे.

जुना कॉम्प्रेसर घेणाऱ्याने सोबत घड्याळ न्यावे. १६० लिटरच्या टाकीचा दाब ६ वरून ८ बारवर जाण्यास १० सीएफएमच्या यंत्राला सुमारे ७० सेकंद लागतात. दोन मिनिटे लागली, तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले आहेत असे समजावे. ते बदलता येतात. टाकीचे तसे नाही. तिच्या तळाशी गंजाचे फोड किंवा वेल्डिंगचे ठिगळ दिसले, सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तेथे बूच मारलेले आढळले किंवा दाबचाचणीचा दाखला मिळाला नाही, तर तो सौदा कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. १० बारची टाकी फुटली, तर तिचे पत्रे गाळ्याची भिंत भेदून जाऊ शकतात.