तगरच्या पेठेत मुलाबाळांसह

मुलांचे हात घट्ट धरा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावच्या या छोट्याशा वस्तुसंग्रहालयात आत्ता गार वाटतंय, पण थोड्याच वेळात ऊन लागणार आहे. समोरच्या कपाटातले ते मणी बघा, तांबडे, करडे, मधाच्या रंगाचे. नीट बघा. आता मधली काच विसरा.

बाजूला व्हा, बैलगाडी येतेय! तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे अख्खी रांग. तुम्ही २००० वर्षं मागे आला आहात. गावाचं नाव तगर, राज्य सातवाहनांचं, आणि भरदुपारी या पेठेत पाय ठेवायला जागा नाही. धुळीने डोळे चुरचुरतात. शेण, घाम आणि तिळाचं तेल यांचा मिळून एकच दाट वास नाकात बसतो. कुणीतरी खांद्याने ढकलून पुढे जातं आणि मागे वळूनही बघत नाही.

गाडीवरच्या गठ्ठ्याला हात लावा. मलमल आहे, बोटांना जेमतेम कळेल इतकी तलम. पैठणलाच पोचायला दहा दिवस, मग पुढे भडोचच्या बंदरापर्यंत आणखी वीस. वाट कच्ची, चाकं लाकडाची. व्यापाऱ्यांची बोली तुम्हाला उमगत नाही, पण घासाघीस बरोबर कळते. मान हलते, भुवया चढतात, माणूस चार पावलं निघून जातो आणि परत येतो.

लेक कुठे गेली? ती बघा, मणीवाल्याच्या अंगणात उकिडवी बसली आहे. कारागीर धनुकलीने सामता फिरवतोय, मागे-पुढे, मागे-पुढे. अकीक दगड काही लवकर दाद देत नाही. तो त्यावर पाण्याचा थेंब सोडतो, फुंकर मारतो, मणी डोळ्यापाशी नेतो आणि पुन्हा सुरू करतो. शेजारी शंख कापायची करवत करकरतेय. जळक्या नखांसारखा वास येतोय आणि कारागिराच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या आहेत. समुद्र इथून कित्येक दिवसांच्या वाटेवर, तरी इथल्या बायकांच्या मनगटात शंखाच्या बांगड्या आहेत.

धाकटा मात्र बाहुल्यांपाशी खिळलाय. पांढरी माती दोन साच्यांत दाबायची, दोन्ही अर्धी काढून एकमेकांना जोडायची, सांध्यावर ओलं बोट फिरवायचं. बाहुली आतून पोकळ, हातात घेतली की हलकी. केसांची ठेवण, कानातली जड कुंडलं, गळ्यातला हार, सगळं बोटभर उंचीत बसवलंय.

"आई, भूक लागली!" आता खरी पंचाईत. बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणा नाही, मिरचीसुद्धा नाही. या सगळ्यांना समुद्र ओलांडून यायला अजून दीड हजार वर्षं आहेत. वाफाळता भात घ्या, वर डाळ. तिखटपणा मिरीचा आहे, जिभेपेक्षा घशाला आधी कळतो. पैसे म्हणून शिशाचं नाणं द्या, आकाराच्या मानाने चांगलंच जड लागेल.

पोट भरलं? चला परत.

पंख्याची घरघर ऐकू येतेय, म्हणजे आपण पोचलो. पुन्हा त्याच कपाटासमोर उभे राहा. बाहुल्या, दिवे, बांगड्या, मणी, सगळं इथलंच आहे. याच गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी इथल्या पांढरीच्या टेकाडांतून मिळालेल्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या, जपल्या. आज संग्रहालयाला त्यांचंच नाव आहे. तेरमध्ये सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती थेट इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत मिळाली आहे. ही पेठ किती दूरवर पोचली होती, हे मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवा.

राजांची नावं शाळेच्या पुस्तकात येतात. इथे येतं ते मणी भोकणाऱ्याचं, बाहुली जोडणाऱ्याचं काम. त्यांनी नाव कुठे कोरलं नाही, पण त्यांच्या मण्यातून आजही दोरा सरळ जातो. म्हणूनच मोठ्या शहरातल्या संग्रहालयाइतकीच या दोन-चार दालनांचीही वाट मुलांना ठाऊक असायला हवी.

आणि लगेच गाडीत बसू नका. गावातच त्रिविक्रमाचं विटांचं प्राचीन मंदिर आहे, मागून हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार. मुलांना आधी त्याभोवती एक चक्कर पळू द्या, माहितीची पाटी नंतर वाचता येईल.