रात्रीच लावायचं क्रीम आणि होम्सबर्गचा तुरुंग

आजचा विषय आहे मेडिकलमध्ये मिळणारी एक छोटीशी ट्यूब. ट्रेटिनॉइन. मुरमांसाठी किंवा सुरकुत्यांसाठी डॉक्टरांनी लिहून दिली असेल, तर "रात्रीच लावा" हेही त्यांनी बजावलं असेल. त्वचा उन्हाला नाजूक होते हे एक कारण. दुसरं कारण त्या रेणूतच आहे.

ट्रेटिनॉइन हे व्हिटॅमिन ए चं आम्लरूप. या कुटुंबातल्या रेणूंना लांब शेपटी असते आणि तिच्यात एकाआड एक दुहेरी बंध असतात. त्यांच्यामुळेच पिवळा रंग येतो, आणि ऊन किंवा हवेतला ऑक्सिजन घावही तिथेच घालतो. पॉल कॅरर यांनी 1931 मध्ये व्हिटॅमिन ए ची रचना मांडली, 1937 चं नोबेलही मिळालं. पण रचना कळली म्हणून रेणू बाटलीत टिकत नाही ना!

यावर जुना उपाय म्हणजे एस्टर. रेटिनॉलला एक स्निग्धाम्ल जोडलं की रेटिनिल पामिटेट बनतं. ते बऱ्यापैकी टिकतं, पण त्वचेत गेल्यावर त्याचं आधी रेटिनॉल, मग रेटिनाल आणि शेवटी आम्ल व्हावं लागतं. पेशीशी खरं बोलतं ते आम्लच, आणि तिथपर्यंत पोचतं फारच थोडं. बाटलीत टिकणारं त्वचेत ढिलं, आणि त्वचेत जोरदार असलेलं बाटलीत नाजूक, अशी ही ओढाताण.

मग सरळ आम्लच लावलं तर? जर्मनीत ग्युंटर श्टुटगेन यांनी 1962 च्या सुमारास ते करून पाहिलं. त्वचा लाल व्हायची, सोलवटायची. ते वापरण्याजोगं केलं अल्बर्ट क्लिगमन यांनी. हे फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ. 1969 मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा मुरमांवरचा निबंध आला, 1971 मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

आता प्रश्न असा, की किती टक्के लावलं की त्वचा जळते आणि किती कमी केलं की सोसतं, हे कळलं कुणाच्या अंगावर? इथे थोडं थांबू या.

फिलाडेल्फियात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. क्लिगमन 1951 पासून तिथे प्रयोग करत होते आणि ते 1974 पर्यंत चालले. व्हिटॅमिन ए चं आम्लही तिथल्या कैद्यांवर तपासलं गेलं. शाम्पू, डिओडोरंट, पावडर होतीच. डाऊ केमिकलसाठी डायॉक्सिनसुद्धा त्वचेवर लावलं गेलं. कैदी बहुतेक कृष्णवर्णीय. कितीतरी जणांवर गुन्हा सिद्धही झालेला नव्हता, जामिनाला पैसे नाहीत म्हणून ते आत होते. तुरुंगातल्या इतर कामापेक्षा पाठीवर पट्ट्या लावून घेण्याचे पैसे कितीतरी जास्त मिळायचे. याला संमती म्हणायचं का? कागदावर सही होती, एवढंच मी म्हणेन.

आमच्याकडे, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, प्रॉडक्शनवर टेस्टिंग करू नये असं शिकवतात. इथे तर माणसंच टेस्टिंगचं सर्व्हर झाली होती.

पुढे सुरकुत्यांचा बाजार उघडला. 1988 मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी 30 जणांवर 16 आठवडे प्रयोग करून उन्हाने जून झालेली त्वचा सुधारते असं दाखवलं, आणि 1995 मध्ये त्यासाठीच्या क्रीमला मंजुरी मिळाली.

रेणू टिकवण्याचा प्रश्न मात्र होताच. ट्रेटिनॉइन आणि मुरमांवरचंच बेंझॉइल पेरॉक्साइड एकत्र करून उजेडात ठेवलं, तर दोनेक तासांत निम्म्याहून जास्त ट्रेटिनॉइन नष्ट होतं. एक तोडगा म्हणजे औषध सच्छिद्र, सूक्ष्म गोळ्यांत भरायचं. तसं जेल 1997 मध्ये आलं. गोळ्यांतून औषध हळूहळू झिरपतं, त्यामुळे आगही कमी होते. दुसरा तोडगा मला इंजिनिअर म्हणून जास्त आवडतो. पेशीत हे आम्ल ज्या रिसेप्टरला चिकटतं तो 1987 मध्ये सापडला होता. अडापलीन या रेणूत आम्लाचं टोक कायम आहे, पण नाजूक शेपटीच्या जागी मजबूत कडी आहेत. इंटरफेस तोच, आतलं सगळं बदललेलं! ते पेरॉक्साइडसोबत एकाच ट्यूबमध्ये सुखाने राहतं.

होम्सबर्गची गोष्ट लोकांपर्यंत नीट पोचली ती ॲलन हॉर्नब्लम यांच्या 1998 च्या 'एकर्स ऑफ स्किन' या पुस्तकामुळे. 2000 मध्ये सुमारे 300 माजी कैद्यांनी खटला भरला. मुदत उलटून गेली म्हणून तो निकालात निघाला. आपण त्या काळच्या रीतीप्रमाणेच काम केलं, असं क्लिगमन यांचं म्हणणं होतं. ते 2010 मध्ये वारले. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने 2021 मध्ये माफी मागितली, फिलाडेल्फिया शहराने 2022 मध्ये. तोवर त्यातले बरेच जण ती ऐकायला उरले नव्हते.