यंत्रात शिरलेला भुंगा

भाऊराव कोल्हटकर गेले फेब्रुवारी १९०१ मध्ये. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन कलकत्त्याला उतरला १९०२ च्या अखेरीस. म्हणजे मराठी रंगभूमीवरचा त्या काळचा सगळ्यात गाजलेला आवाज पावणेदोन वर्षांनी हुकला. भाऊराव कसे गात, हे आता फक्त वाचायला मिळतं. अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट उलटी. ते १९४६ पर्यंत होते, तोवर घरोघरी रेकॉर्डी वाजत होत्या, पण त्यांनी रेकॉर्ड काही दिली नाही. एकाच्या वेळी यंत्र नव्हतं, दुसऱ्याच्या वेळी होतं पण मर्जी नव्हती.

आवाज हुकण्याचा तिसरा प्रकार आपल्या पिढीचा. यंत्र टेबलावर आहे, गाणारं माणूस समोर बसलंय, त्याची तयारीही आहे, बटण दाबलंय. आणि ऐकायला गेलं की गाण्याच्या जागी नुसतं गुंऽऽऽ.

हे मी आगाशीला पाहिलं, २००६ साली. विरारच्या पश्चिमेला, अर्नाळ्याच्या वाटेवर, केळीच्या वाड्यांचं आणि सुकेळ्यांचं हे गाव. आता पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ठाण्यात होतं. ओळखीच्या घरात एक आजी होत्या, त्यांना वाडवळीतली लग्नाची गाणी ढिगाने पाठ. नातवाने नवा कंप्युटर घेतला होता, पन्नास-साठ रुपयांचा माइक लावला, आणि आजींनी आपलंच गाणं ऐकून विचारलं, "ह्यात भुंगा शिरलाय का रे?"

वाडवळी काय, सामवेदी (म्हणजेच कादोडी) काय, किनाऱ्यावरची मांगेली काय, वसई पट्ट्यातल्या ह्या बोलींची सरकारदरबारी नोंद जुनी आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली छापून आला, त्यात ह्यांची नावं सापडतात. त्या सर्वेक्षणाचा ठरलेला नमुना-उतारा म्हणजे बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट. अक्षरांत व्याकरण उतरतं. हेल उतरत नाही, चाल तर नाहीच. लग्नातल्या गाण्याची चाल काढून घेतली तर उरतं काय, सांगा बरं. त्यामुळे तो भुंगा काढणं आलंच.

इथे मी सवयीने डीबगिंगला बसलो. पण हा बग कोडमधला नव्हता, भिंतीतला होता. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, तो ५० हर्ट्झचा सूर आणि त्याच्या पटीतले १००, १५० वगैरे मिळून भुंगा तयार होतो. आता कंप्युटरच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, हा अनुभव तुम्हालाही असेल. पॉवर सप्लायमध्ये विजेच्या दोन्ही तारांपासून डब्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. घराला धड अर्थिंग असेल तर तिथून येणारा थोडासा प्रवाह जमिनीत जातो. जुन्या घरात अर्थिंग नसतं, नाहीतर तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या एक्स्टेन्शनमध्ये कोंबलेला असतो. मग डबा साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी म्हणून आपण वाचतो. पण माइकच्या तारेचं बाहेरचं वेष्टण त्याच डब्याला जोडलेलं असतं, आणि माइकमधून येणारा सिग्नल असतो काही मिलिव्होल्टचा. भुंग्यापुढे त्याचा काय पाड लागणार?

बरं, ती माइकची गुलाबी खाच मुळात गाण्यासाठी केलेलीच नव्हती. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं पहिलं साउंड ब्लास्टर कार्ड १९८९ सालचं. त्याचं काम गेममधल्या गोळीबाराला आवाज देणं. रेकॉर्डिंग जमायचं ते ८ बिट, मोनो, सेकंदाला जेमतेम १२,००० नमुने. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ ने सीडीचा दर्जा घरात आणला खरा, पण १९९७ मध्ये इंटेलने एसी-९७ हे मानक काढलं आणि साउंड कार्डाचं काम मदरबोर्डवरच्या एका स्वस्त चिपकडे गेलं. स्वस्त झालं म्हणून घरोघरी पोचलं, हे मान्यच. पण मिलिव्होल्टचा बिचारा सिग्नल आता प्रोसेसर आणि हार्डडिस्कच्या गर्दीत राहायला आला. माउस हलवला की रेकॉर्डिंगमध्ये किरकिर ऐकू येते ती ह्यामुळे. त्यावर 'माइक बूस्ट' नावाची टिचकी मारली की आवाज दसपट होतो, आणि किरकिरही दसपट. ह्याच गुलाबी खाचेत टेपरेकॉर्डरची हेडफोनची तार खुपसली तर आवाज फाटतो, कारण तो सिग्नल शेकडो पटींनी मोठा असतो. जुन्या कॅसेटी उतरवायच्या तर शेजारची निळी खाच.

आणखी एक भानगड सुराची. सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते. हा विचित्र आकडा १९७० च्या दशकात डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत असत त्यातून आला: सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येकात २४५ ओळी, ओळीत ३ नमुने. करा गुणाकार. एसी-९७ चा मूळ आकडा मात्र ४८,०००. ह्या दोघांची गल्लत झाली, म्हणजे ४४,१०० ची फाइल ४८,००० ने वाजली, तर तीन मिनिटांचं गाणं पावणेतीन मिनिटांत संपतं आणि काळी एकमध्ये गाणारी आजी पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसते. गंमत म्हणजे ग्रामोफोनवाल्यांचं हेच दुखणं होतं. जुन्या तबकड्या ७८ च्या म्हणायच्या, पण सुरुवातीच्या काळात नेमक्या त्या वेगाने कापलेल्या नसत, त्यामुळे कोण कुठल्या पट्टीत गात होतं ह्यावर जाणकार अजून वाद घालतात.

असो. आपल्याकडे हे काम मन लावून केलेली माणसं आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी महाराष्ट्रातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. १९९० च्या दशकात त्यांना बर्नार्ड बेल येऊन मिळाला. हा मूळचा संगणकवाला; तबल्याच्या बोलांसाठी 'बोल प्रोसेसर' नावाचं सॉफ्टवेअर लिहिणारा. त्याने ओव्यांचा डेटाबेस बांधला आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं. २०१७ पासून 'परी'च्या संकेतस्थळावर त्या ओव्या येऊ लागल्या. एखाद्या विकांताला जरूर ऐका.

ते आज फोनवर करायला गेलात तर नवीनच अडचण. फोनमधलं आवाज-सफाईचं गणित बोलण्यासाठी बेतलेलं असतं: जो आवाज एकसारखा चालू राहतो तो गोंगाट, काढा त्याला. जात्याची घरघर एकसारखीच असते. कधीकधी लांबवलेला स्वरसुद्धा. तेव्हा ती सफाई बंद करता येत असेल तर करा, आणि मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा, तासाला मोनो सव्वातीनशे एमबी गेली तरी चालेल. भुंगा नंतर पुसता येतो. पुसलेला स्वर परत येत नाही.

आगाशीत शेवटी उपाय सापडला तो लोडशेडिंगमुळे. दुपारी वीज गेली. पंखा थांबला, फ्रिज थांबला. इन्व्हर्टरही बंद करायला लावला, कारण स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर भुंग्यापेक्षा वाईट गुरगुरते. लॅपटॉप बॅटरीवर, चार्जर काढलेला, माइक आजींच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. आधी मिनिटभर कुणी बोलायचं नाही, म्हणजे त्या खोलीच्या शांततेचा नमुना मिळतो आणि पुढे सफाईला कामी येतो. बॅटरी दीड तास टिकली, तेवढ्यात अकरा गाणी झाली.

सुरुवातीला आजींना नाव, गाव आणि तारीख सांगायला लावली. ही युक्ती गौहर जानची: तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या, तिथे कुणाची कुठली हे कळावं म्हणून ती गाण्याच्या शेवटी आपलं नाव पुकारायची. आजींनी नाव सांगितलं, आगाशी सांगितलं, तारखेऐवजी तिथी सांगितली, आणि मग माइककडे बोट दाखवून विचारलं, "आता गेला का भुंगा?" तेही फाइलमध्ये आहे.