ब्रह्मदेशापुरती चालणारी नोट

माझी हयात छापखान्यात टाइपाचे खिळे जुळवण्यात गेली. त्यामुळे जुनी नोट हातात आली की मी आधी राजाचं तोंड बघत नाही, शाई बघतो. नोटांच्या मेळाव्यात लोक मला हाक मारतात ती यासाठीच. नाणी मला फारशी कळत नाहीत. कागदावर शाई कशी बसते, एवढं मात्र कळतं.

एक रुपयाची १९४०ची नोट घ्या. तिच्यावर सहावा जॉर्ज आणि सी. ई. जोन्स यांची सही. लढाईच्या दिवसांत लोक चांदीचे रुपये दडवून ठेवायला लागले, म्हणून सरकारनं कागदी रुपया काढला. आज जुन्या बाजारात तो सहज मिळतो. पण त्याच नोटेवर तांबड्या शाईत ‘मिलिटरी ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ बर्मा’ आणि ‘लीगल टेंडर इन बर्मा ओन्ली’ हे शब्द असले, तर भाव लगेच चढतो. आणि चार शब्दांनी भाव चढत असेल, तर ते चार शब्द छापून द्यायला कुणीतरी बसलेलाच असतो.

हे शब्द तिथे आले कसे? १ एप्रिल १९३७ला ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा झाला. नोटा मात्र रिझर्व्ह बँकच पुरवत राहिली. आधी पाचव्या जॉर्जच्या हिंदुस्थानी नोटांवर ‘फक्त बर्मात’ असं छापून काम भागवलं, मग १९३८मध्ये मोराचं चित्र असलेल्या खास नोटा आल्या. मार्च १९४२मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि स्वतःच्या रुपयांचा पाऊस पाडला. त्या नोटांवरच्या अक्षरजोडीतलं पहिलं अक्षर ‘बी’, म्हणजे बर्मा. मे १९४५मध्ये इंग्रजांचं सैन्य रंगूनमध्ये परतलं. जपानी कागद रद्दी ठरला आणि फौजेला रोकड तर रोज हवी. हाताशी काय होतं? हिंदुस्थानच्या नोटा. १९२८पासून त्या नाशिक रोडला छापल्या जात होत्या. त्यांवरच जादा मजकूर चढवला. नुसत्या नोटा वाटल्या असत्या तर त्या परत हिंदुस्थानात वाहत आल्या असत्या आणि त्यांचा बोजा इथल्या खात्यावर बसला असता. त्या चार शब्दांनी पैसा ब्रह्मदेशात कोंडला आणि हिशेबही वेगळा राहिला.

या मालिकेत १, ५, १० आणि १०० रुपये आहेत. दोनची नोट रिझर्व्ह बँकेनं १९४३मध्ये काढली होती, पण या मालिकेत ती नाही. तेव्हा दोनच्या नोटेवर हा मजकूर दिसला तर हात मागे घ्या. पुढे १९४७मध्ये ‘बर्मा करन्सी बोर्ड’ अशा शब्दांनी हाच प्रकार पुन्हा झाला आणि ४ जानेवारी १९४८ला देशच स्वतंत्र झाला.

आता खऱ्या-खोट्याकडे वळू. दहापटीचं भिंग पुरतं. रबरी शिक्का ओळखणं सोपं: कडा मऊ, मध्येच शाईचं थारोळं, कागदावर दाब नाही. इंकजेटचा तांबडा रंग भिंगाखाली गुलाबी आणि पिवळ्या ठिपक्यांत फुटतो. लेझरची पूड कागदात मुरत नाही, वर चमकत बसते. अवघड असतो तो आमच्याच जातीचा चोर. ट्रेडल मशिनं बंद पडली तेव्हा इंग्रजी टाइपाच्या केसच्या केस किलोवर विकल्या गेल्या. त्यातला टाइप आणि जुनं मशिन ज्याच्याकडे असेल, तो अक्षराच्या कडेला चेपून आलेली शाईची गडद रेघसुद्धा आणू शकतो. तिथे भिंगानं नुसती अक्षरं वाचून भागत नाही.

मग मी घड्या बघतो. कारखान्यात मजकूर चढला तो कोऱ्या नोटेवर. खिसा, पाकीट, कनवटी हे सगळं त्यानंतरचं. म्हणून खऱ्या नोटेत जुनी घडी तांबड्या अक्षरावरून गेली असेल, तर घडीच्या माथ्यावर शाई झिजलेली असते आणि खालचे पांढरे तंतू उघडे पडलेले असतात. बनावट मजकूर आधीच मळलेल्या, घड्या पडलेल्या नोटेवर छापतात. तिथे तुटलेल्या तंतूंवरही ताजी शाई चढलेली दिसते, किंवा घडीच्या खाचेत शिरलेली. मळ शाईच्या वर आहे की खाली, तेही बघा. टाचणीची भोकंही बोलतात. बँकांत गड्ड्या तारेनं टाचत असत. असं भोक अक्षराला लागून असेल आणि भोकाच्या आतल्या काठाला तांबडं लागलं असेल, तर मजकूर भोकानंतरचा आहे. कोऱ्या करकरीत नोटेवर मात्र हे काहीच चालत नाही. तिथे खात्रीच्या नोटेशेजारी ठेवून अक्षरांची उंची आणि मधलं अंतर मोजावं लागतं. म्हणूनच मला वापरलेली, मळकी नोट जास्त विश्वासाची वाटते. मेळाव्यातल्या मंडळींना हे पटत नाही, त्यांना करकरीतच हवी असते.

मूळ नोटही तपासावी. लढाईत जपान्यांनी हिंदुस्थानी नोटांच्या इतक्या हुबेहूब नकला केल्या की जलचिन्हातला राजाचा बाजूचा चेहरा बदलून समोरचा घ्यावा लागला आणि नोटेत पहिल्यांदाच सुरक्षा धागा आला.

घराण्याची गोष्ट हा पुरावा नव्हे. ‘आजोबा मराठा पलटणीत होते, सांगशाकच्या लढाईतून ही नोट आणली,’ असं सांगतात. मार्च १९४४मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण सांगशाकला जिवावर उदार होऊन लढली, हे खरं. पण सांगशाक मणिपुरात. तिथे साधी हिंदुस्थानी नोट चालायची. आजोबा खरे असतील, नोटेचा दाखला त्यातून निघत नाही.

असा जादा मजकूर हवाई बेटांतल्या अमेरिकी नोटांवरही आहे, पण त्यांना वेगळी खूण आहे. पर्ल हार्बरनंतर बेटं जपानच्या हाती गेलीच तर तिथले डॉलर एका फटक्यात रद्द करता यावेत, म्हणून १९४२मध्ये अमेरिकेनं त्यांवर ‘हवाई’ छापलं. पण तेवढ्यावर न थांबता मोहर आणि क्रमांकही तपकिरी केले. एक डॉलरच्या नोटेवर ‘हवाई’ आहे आणि मोहर निळी, तर पुढे बघायची गरजच नाही.

जादा मजकूर चढवलेली आपल्याकडची, नाशिकची दुसरी नोट १ एप्रिल १९४८पासून पाकिस्तानात चालली: वर इंग्रजीत आणि खाली उर्दूत ‘पाकिस्तान सरकार’. फाळणीच्या धांदलीत हे रबरी शिक्के मारले, अशी समजूत अजून ऐकू येते आणि शिक्केवाल्यांचं फावतं. तो मजकूर नाशिकच्या छापखान्यात प्लेटवरून छापला आहे.

तुमच्या घरात अशी नोट असेल तर तिला इस्त्री करू नका, धुऊ नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. घड्या आणि मळ गेला की तपासायला काही उरत नाही. पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक पाकिटात ठेवा आणि विकण्याआधी भिंग असलेल्या माणसाला दाखवा.